बेरे डोक्यावर नीट बसत नाही? पाण्यात घालण्याआधी हे तपासा

पंधरा ऑगस्ट जवळ आला किंवा सीएटीसीची (वार्षिक प्रशिक्षण कॅम्पची) यादी लागली, की एनसीसीच्या पोरांचा गणवेशाच्या गोल लोकरी टोपीबद्दलचा ठरलेला प्रश्न येतो: "सर, बेरे बसत नाही, काय करू?" विचारेपर्यंत निम्म्यांनी ती उकळत्या पाण्यात घालून झालेली असते, कारण कुठल्यातरी सिनियरने तसं सांगितलेलं असतं. मग जी कॅप फक्त वाकडी बसत होती, ती आता लहानही झालेली असते.

गरम पाण्याने आकार येतो हे खरं, पण पाण्याचा नंबर शेवटी लागतो. बहुतेक वेळा बिघाड आकारात नसतोच. तो घालण्याच्या पद्धतीत असतो, नाहीतर केसांत, नाडीत, बॅजच्या जागेत किंवा मापात. यातलं एकही गरम पाण्याने सुधारत नाही.

पूर्वी बेरे युनिटच्या स्टोअरमधून मिळायची. 2023 मध्ये स्टेट बँकेच्या 'पहली उडान' खात्यांची योजना आली आणि गणवेशाचे पैसे थेट कॅडेटच्या खात्यात येऊ लागले. सोय झाली, पण साताऱ्यात कुणी मोती चौकात घेतो, कुणी पोवई नाक्यावर, सांगलीत कुणी मारुती रोडला, तर कुणी ऑनलाइन मागवतो. एकाच प्लाटूनमध्ये चार प्रकारच्या कॅप दिसतात आणि एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याची कॅप बिघडवतो. पुढचं सगळं आर्मी विंगची गडद हिरवी बेरे आणि लाल हॅकल (बॅजमागे उभा राहणारा पिसांचा तुरा) धरून लिहिलं आहे. दुसऱ्या विंगच्या बेरेचा रंग वेगळा, तपासण्याचा क्रम तोच.

लक्षणं

यातलं नेमकं काय होतंय ते आधी ठरवा. दोन-तीन गोष्टी एकदम होत असतील तर त्याही लिहून ठेवा.

- बॅजच्या वर लोकर ताठ उभी राहते, उजवीकडे पडत नाही.
- कॅप सगळ्या बाजूंनी पुरीसारखी फुगते.
- पट्टा (कपाळावर टेकणारी रेक्झिनची कड) तिरका दिसतो, एका भुवईवर उतरलेला आणि दुसरीवर चढलेला.
- बॅज नाकाच्या रेषेत येतो किंवा पार डाव्या कानाकडे जातो.
- हॅकल मागे झुकतो किंवा चालताना डुलतो.
- तेज चल (मार्च) करताना कॅप मागे सरकते, थम (थांबा) केल्यावर पुढे येते.
- सॅल्यूट करताना बोट पट्ट्याजवळ न जाता लोंबणाऱ्या लोकरीत अडकतं.
- अर्ध्या तासात कपाळावर लाल वळ उठतो, डोकं दुखतं.
- घामाबरोबर हिरवा रंग कपाळावर आणि खाकी शर्टाच्या कॉलरवर उतरतो.

आधी नीट घालून बघा

पट्टा भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटीमीटर, म्हणजे दोन आडवी बोटं हवा, आणि तो चारही बाजूंनी आडवा हवा. बॅज डाव्या डोळ्याच्या वर. कापड उजवीकडे ओढलेलं, कानाच्या टोकापर्यंत आलेलं, पण कान न झाकणारं. नाडीची गाठ मागे मधोमध.

घालायची पुढून. दोन्ही हातांनी पट्टा धरून कपाळावर टेकवा, बॅज डाव्या डोळ्यावर आणा, मग पट्टा मागे ओढून बसवा. पट्टा जागेवर आल्यावरच कापडाला हात लावा: डाव्या हाताचा तळवा बॅजमागे दाबून धरा आणि उजव्या हाताने कापड उजवीकडे खाली ओढा. गांधी टोपी घालायच्या सवयीने पुष्कळ जण मागून पुढे घालतात. त्याने पट्टा मागे खाली आणि पुढे वर राहतो, आणि उरलेलं कापड वर गोळा होऊन फुगवटा येतो.

आरशावर विसंबू नका. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, सेल्फीतही बऱ्याच फोनवर तसंच. दुसऱ्या कुणाला तरी समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी असे चार फोटो काढायला सांगा, फोन डोळ्यांच्या उंचीवर धरून. पट्टा तिरका असेल तर बाजूच्या फोटोत लगेच कळतं. वरच्या यादीतल्या पहिल्या चार तक्रारी बऱ्याचदा इथेच मिटतात.

केस

मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: कॅप घेतली तेव्हा केस दोन महिन्यांचे वाढलेले होते आणि कॅम्पच्या आदल्या दिवशी बारीक कापले, तर तीच कॅप सैल होते. तेल चोपडलेल्या केसांवर पट्टा सरकतो, वर रेक्झिनची आतली बाजूही तेलकट होते. परेडच्या आदल्या रात्री डोकं धुवा आणि सकाळी तेल लावू नका. पट्ट्याची आतली बाजू ओल्या फडक्याने पुसून घ्या.

मुलींच्या बाबतीत बहुतेक वेळा बिघाड अंबाड्याचा असतो. अंबाडा उंच बांधला की पट्टा त्यावर चढतो, मागची बाजू उचलली जाते आणि बॅज पुढे झुकतो. अंबाडा मानेजवळ, पट्ट्याच्या खाली यायला हवा, काळ्या जाळीत घट्ट. पट्ट्याच्या रेषेत एकही जाड पिन नको. केस लांब आणि दाट असतील तर एकच मोठा गोळा करू नका, चपटा गुंडाळा. अंबाडा खाली आला की सैल वाटणारी कॅप पुष्कळदा आपोआप बसते.

नाडी

पट्ट्याच्या आतून एक बारीक नाडी किंवा फीत जाते आणि मागे बाहेर येते. नवीन कॅपची नाडी सैलच असते, आणि ती आवळायची असते हेच अनेकांना माहीत नसतं. कॅप डोक्यावर ठेवूनच आवळा, हातात धरून आवळली तर अंदाज चुकतो. पट्टा आणि कपाळ यांच्यामध्ये करंगळी जेमतेम जाईल इतकी घट्ट करा, दुहेरी गाठ मारा आणि टोकं पट्ट्याच्या आत खोचा. लोंबती नाडी ही टर्नआउटमधली, म्हणजे गणवेशाच्या नीटनेटकेपणातली, सगळ्यात स्वस्त चूक आहे, आणि खुली लाइन चल झाल्यावर (तपासणीसाठी रांगा मोकळ्या केल्यावर) मागून बघणाऱ्याला ती पहिल्यांदा दिसते.

नाडीने साधारण एक सेंटीमीटर घेर कमी होतो. त्याहून जास्त आवळलं की पट्ट्याला चुण्या पडतात, चुण्यांमुळे वरचं कापड फुगतं, आणि कॅप सैलची "फुगलेली" होते. गाठ मारल्यावर टोकं लगेच कापू नका. एक परेड होऊ द्या, मग कापा.

बॅज आणि हॅकल

बॅजच्या मागे, कापड आणि अस्तराच्या मध्ये, एक कडक तुकडा असतो: कुठे बकरम, कुठे जाड कॅनव्हास. बॅज आणि हॅकल सरळ उभे राहतात ते त्याच्या जोरावर. कॅप घडी करून खांद्याच्या पट्टीखाली किंवा पँटच्या मागच्या खिशात कोंबली, की पहिल्यांदा हा तुकडा मोडतो. मग बॅज पुढे लवतो आणि हॅकल मागे पडतो.

बोटाने चाचपून बघा. मधोमध घडी लागत असेल तर तुकडा गेला. अस्तराची तेवढीच शिवण दोन इंच उसवा, जुना तुकडा काढून त्याच मापाचा नवा कापा आणि त्याच वाटेने आत सरकवा. बकरम शिंप्याकडे मिळतं, दुहेरी करून घ्या. पुठ्ठा घालू नका, घामाने आणि पावसाने त्याचा लगदा होतो. प्लास्टिकच्या डब्याचं झाकण कापून घालणारेही आहेत. चालतं, पण कडा गोल करा, नाहीतर कपाळाला टोचतं.

तुकडा शाबूत असेल तर बॅजची जागा बघा. विकत घेतलेल्या कॅपमध्ये दुकानदाराने बॅजसाठी अंदाजाने भोक पाडलेलं असतं, आणि ते कधीकधी दीड-दोन सेंटीमीटर मधे येतं. कॅप फिरवून बॅज डोळ्यावर आणला की मागची गाठ बाजूला जाते. म्हणजे भोक चुकलं. नवीन भोक कात्रीने पाडू नका. दाभणाने धागे बाजूला सारत पाडा, म्हणजे ते फाटत नाही. जुन्या भोकाला आतून हिरव्या दोऱ्याचे दोन टाके पुरतात.

बॅजच्या मागची पिन कपाळाला लागत असेल तर आतून फेल्टचा छोटा तुकडा लावा. आणि बॅज कॅपवर असताना ब्रासो लावू नका. पितळ चमकतं, पण पांढरी पूड हिरव्या लोकरीत बसते आणि ब्रशनेही निघत नाही. बॅज काढून घासा. त्यावर मुलामा असेल तर ब्रासो मुळीच नको, चमक निघून जाते. तिथे कोरडं मऊ फडकं पुरे.

हॅकल ओला होऊ देऊ नका. लाल रंग सुटला तर हिरव्यावर डाग पडतो. सराव संपला की तो काढून कागदाच्या नळीत गुंडाळून ठेवा.

माप

इथपर्यंत सगळं करूनही कॅप सरकते किंवा वळ उठतो, तर मापाकडे वळा. सुतळी घ्या, भुवयांच्या वर दोन बोटं आणि कानांच्या वर अशी डोक्याभोवती फिरवा, ताणू नका. पट्टीवर मोजा. येणारा सेंटीमीटरचा आकडा हाच बहुतेक बेरेंचा नंबर असतो. मग त्याच सुतळीने कॅपच्या पट्ट्याचा आतला घेर मोजा. आतल्या लेबलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

कॅप एक सेंटीमीटरपर्यंत मोठी असेल तर नाडी पुरते. दीड ते दोनपर्यंत मोठी असेल तर पट्ट्याच्या आत मागच्या अर्ध्या भागात फेल्टची पट्टी घाला. पुढे घालू नका, बॅज पुढे येतो. दोनपेक्षा जास्त फरक असेल तर बदलून घ्या. वापरून खराब झालेली नसेल तर दुकानदार सहसा बदलून देतो, म्हणून पहिल्या दिवशी कात्री आणि पाणी लांब ठेवा.

कॅप लहान असेल तर प्रश्न जरा अवघड होतो, त्याबद्दल पुढे.

लोकर आहे की नाही

पाण्याकडे जाण्याआधीची ही शेवटची तपासणी, आणि हीच सगळ्यात जास्त वगळली जाते. खरी बेरे विणलेल्या लोकरीची असते. ती गरम पाण्यात आणि चोळण्याने आकसून घट्ट होते, म्हणून तिला आकार देता येतो. स्वस्त कॅप ॲक्रिलिकच्या असतात. गरम पाण्याने ती आकसत नाही आणि दिलेला आकार धरत नाही. इस्त्री लागली तर चकाकी येते, जास्त लागली तर वितळते.

आतल्या बाजूने दोन-तीन तंतू उपटा, बशीवर धरून मोठ्यांच्या देखरेखीखाली काडी लावा. जळलेल्या केसासारखा वास आला आणि चुरडल्यावर भुकटी झाली तर लोकर. वितळून टोकाला कडक काळा मणी झाला तर ॲक्रिलिक. दोन्ही झालं तर मिश्रण आहे. मिश्रणाला आकार येतो, पण अर्धवट.

ॲक्रिलिक निघाली तर पाण्याचा सगळा भाग सोडून द्या. अशा कॅपला फक्त नाडी, बॅजमागचा तुकडा आणि अस्तर एवढेच उपाय लागू पडतात. रोजच्या परेडला ती चालून जाते. आरडीसीच्या (दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन कॅम्पच्या) निवडीला किंवा पाहुण्यांसमोरच्या गार्ड ऑफ ऑनरला ती रांगेत वेगळी दिसते.

अस्तर

सगळं नीट आहे, कापड लोकरीचं आहे, तरी कॅप फुगते? मग अस्तर बघा. आतल्या काळ्या अस्तराखाली हवा धरते आणि ते कापडाला उजवीकडे पडू देत नाही. जुने उस्ताद ते कापूनच टाकतात. कापायचं तर पट्ट्यापासून एक सेंटीमीटर सोडून कापा आणि बॅजमागच्या तुकड्यावरचं अस्तर तसंच राहू द्या.

हे परत जोडता येत नाही. कॅप युनिटने दिलेली असेल तर ती परत करायची असते, म्हणून एएनओंना (शाळा-कॉलेजातल्या एनसीसी अधिकाऱ्यांना) विचारल्याशिवाय कात्री लावू नका.

पाणी, आता

महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे जुलै-ऑगस्टमध्ये जाड लोकर वाळायला दोन-तीन दिवस सहज लागतात. पंधरा ऑगस्टसाठी आकार द्यायचा तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच उरका. आदल्या रात्री केलेली कॅप सकाळी ओलीच असते आणि आंबट वास मारते.

बॅज आणि हॅकल काढा. पाणी किती गरम हवं? हात बुडवून शांतपणे दहा आकडे मोजता आले पाहिजेत. त्याहून गरम पाण्यात लोकर एकदम आकसते आणि पट्ट्याचं रेक्झिन कडक होऊन पुढे तडकतं. म्हणून पट्टा पाण्याबाहेर धरून फक्त वरचं कापड बुडवा. दोन मिनिटं गरम पाण्यात, मग एकदाच गार पाण्यात. गरम-गार, गरम-गार असं पाच-सहा वेळा करण्याची टूम आहे. त्याने आकार येण्याऐवजी माप जातं.

पिळू नका. टॉवेलमध्ये ठेवून गुंडाळा आणि दाबा. बॅज परत लावा, कॅप ओलसर असतानाच घाला आणि आधी सांगितल्याप्रमाणे डावीकडे दाब, उजवीकडे ओढ असं करत वीस-तीस मिनिटं बसा. या वेळात डोकं खाली घालून मोबाईल बघू नका, पट्टा पुढे उतरतो आणि तसाच वाळतो.

मग ती उपड्या पातेल्यावर चढवा. पातेल्याचा घेर डोक्याइतका हवा. 18 सेंटीमीटर व्यासाच्या पातेल्याचा घेर साधारण 56.5 भरतो, 17.5 ला 55, 18.5 ला 58. उजवीकडचा पदर हाताने बसवा आणि पंख्याखाली सावलीत सोडा. पत्र्यावर, चुलीजवळ किंवा फ्रिजच्या मागे ठेवू नका. पुरती वाळल्यावर उभे राहिलेले तंतू एकेरी ब्लेडच्या रेझरने हलक्या हाताने, एकाच दिशेने काढता येतात. घडीच्या जागी रेझर नेऊ नका, तिथे भोक पडतं. इस्त्री थेट कधीच नको. ओल्या सुती फडक्यावरून वाफ द्या, दाबू नका.

रंग सुटत असेल तर कॅप गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत खंगाळा. यात पट्टाही भिजतो, पण गार पाण्याने रेक्झिनला अपाय होत नाही. मीठ किंवा व्हिनेगरने रंग पक्का होईलच याचा भरवसा नाही. कपडे धुण्याची पावडर लोकरीला खाते. शांपू किंवा रिठ्याचं पाणी वापरा. वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी जड असतं आणि वाळल्यावर हिरव्यावर पांढरट झाक उरते. तिथे शेवटचं खंगाळणं आरओ फिल्टरच्या पाण्यात करा, दोन लिटर पुरतात.

लहान झालेल्या कॅपवर उलटा प्रयोग. कोमट पाण्यात केसांचं थोडं कंडिशनर मिसळून अर्धा तास भिजवा, हाताने चारी दिशांना थोडी थोडी ताणा आणि आत्ताच्या मापापेक्षा किंचित मोठ्या पातेल्यावर रात्रभर ठेवा. एका खेपेला अर्धा सेंटीमीटर मिळाला तर समाधान माना. दोन सेंटीमीटरहून जास्त आकसलेली लोकर परत येत नाही, तिच्यामागे लागू नका.

इथे थांबा

पट्ट्याची शिवण वीतभर उसवली असेल किंवा रेक्झिन तडकलं असेल तर घरच्या सुईने शिवू नका. प्रत्येक टोच्याने भोक वाढतं आणि फाट पुढे जाते. बॅगा आणि बूट शिवणाऱ्या कारागिराकडे न्या, त्याच्याकडे चामड्याची सुई आणि मेणाचा दोरा असतो. नवीन पट्टा बसवायचा तर सुतळीचं माप सोबत द्या, जुन्या पट्ट्यावरून कापायला सांगू नका.

बॅज आणि हॅकलच्या नेमक्या जागेवरून मतभेद असेल तर पीआय स्टाफला (युनिटमधल्या लष्करी प्रशिक्षकांना) दाखवा आणि ते सांगतील तसंच करा. इंटरनेटवरचे फोटो दुसऱ्या युनिटचे असतात, कधीकधी दुसऱ्या देशाच्या सैन्याचेही.

कपाळावर पट्ट्याच्या रेषेत पुरळ, खाज किंवा पू असेल तर कॅप घालणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. काहींना रंगाची ॲलर्जी असते, काहींना रेक्झिनची. पट्टा सैल करूनही डोकं दुखत राहिलं किंवा उन्हात उभं असताना गरगरलं, तर रांगेतून बाहेर पडून खाली बसा आणि सांगा. कुणी रागावणार नाही.

आणि कॅप ॲक्रिलिक असून माप दोन सेंटीमीटरने चुकलेलं असेल, किंवा लोकर कसरीने खाल्ली असेल, तर नवीन घ्या. दुकानात जाताना केस कॅम्पला असतात तसे कापून जा, सुतळी खिशात ठेवा, बॅज आणि हॅकल सोबत न्या. बॅजसाठी भोक न पाडलेली कॅप मागा. घालून दहा पावलं तेज चल करा, थम, सॅल्यूट. पट्टा एका बोटापेक्षा जास्त सरकला तर दुसरी दाखवायला सांगा.